फाइल सापडत नाही, म्हणजे नेमके काय?

वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलांनी पावसाच्या नोंदी डेटाबेसमध्ये भरल्या होत्या. त्या पायथनमधून वाचून आलेख काढायचा होता. दोहोंना जोडणारे मॉड्यूल बसवण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. बाई म्हणाल्या, "सर, आमच्याच हातून काहीतरी बिघडलं." बिघडले काहीच नव्हते. तेव्हा हे संदेश एखाद्या पाठासारखे तपासून पाहू.

नमुना म्हणून मायएसक्यूएलक्लायंट हे मॉड्यूल घ्या. त्याचा गाभा सी भाषेत आहे. लिनक्सवर पिप हा प्रोग्रॅम मूळ मजकूर आणतो आणि आपल्याच यंत्रावर कंपाइल करू लागतो. त्यासाठी मायएसक्यूएलच्या हेडर फाइली लागतात. त्या नसतील तर संदेश सुचवतो की अमुक दोन चले स्वतः भरा! खरा उपाय एक पॅकेज आणण्याचा, पण त्याचे नाव तिथे नाही. ते आणले की पुढची तक्रार येते: 'पायथन.एच' नावाची फाइल नाही. हे वाक्य अचूक आहे, पण नवख्याला चकवते. पायथन तर यंत्रावर चालतो आहे! पाणी भरायला नळ पुरतो. नवी जोडणी घ्यायची तर पाइपांचा नकाशा लागतो. तो नकाशा उबुंटूमध्ये 'पायथन३-डेव्ह' या वेगळ्या पॅकेजात असतो, कारण बहुतेकांना तो लागत नाही.

सर्वांत खटकते ती शेवटची टीप: चूक उपप्रक्रियेतली आहे, बहुधा पिपची नाही. खरे आहे, पण हे कचेरीतल्या 'आमचा विभाग नव्हे' या उत्तरासारखे झाले. याउलट विंडोजवर 'व्हिज्युअल सी++ १४.० किंवा पुढची आवृत्ती हवी' असा संदेश येतो आणि ती कुठे मिळेल तेही सांगतो. शिक्षकाला शोभेल असे हे लेखन आहे. नवशिक्यांसाठीच्या एबीसी भाषेवर काम केलेल्या गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन प्रसिद्ध केली, हे आठवले की तिच्या भोवतालचे हे अवघडलेले बोलणे अधिकच बोचते.

आपल्या हस्तपुस्तिकाही प्रोग्रॅम कसा लिहावा ते सांगतात. अडला तर काय वाचावे, ते क्वचितच. शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते, कारण वर कुठेतरी असते. दुसऱ्या खेपेला नववीतल्या एका मुलीने वरून वाचायला घेतले. मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "डेव्ह आणायचं राहिलं."