यात नवं काय आहे?

मागच्या वर्षी दसऱ्याला मी नवा फोन घेतला. किंमत दीड लाखाला पाच हजार कमी. महिन्याला सहा हजार, चोवीस हप्ते, व्याज नाही म्हणतात. दिवाळीत कराडला घरी गेले तेव्हा आईने तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "अगं, यात नवं काय आहे?"

मी सांगायला लागले. चिप नवी आहे. झूम पाचपट आहे. कडेला एक जादाचं बटण आहे. चौकट टायटॅनियमची आहे. यातलं बरंचसं मला दोनदा, मोठ्याने सांगावं लागलं, कारण आईला हल्ली कमी ऐकू येतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे फोनच आहे ना?"

तेव्हा मी हसले. नंतर मात्र हा प्रश्न डोक्यात किडा होऊन बसला. कारण त्याचं उत्तर माझ्याकडे खरंच नव्हतं, आणि पैसे मात्र मी मोजले होते.

आधी एक कबुली. मी तंत्रज्ञानावर नाक मुरडणाऱ्यांतली नाही. सप्टेंबरात रात्री साडेदहाला कॅलिफोर्नियातला सोहळा सुरू होतो तेव्हा मी चहा करून लॅपटॉपसमोर बसलेली असते. हे सोहळे मला कीर्तनासारखे वाटतात. आधी नमन, मग पूर्वरंगात तत्त्व सांगायचं (माणूस, सर्जनशीलता, पर्यावरण), मग उत्तररंगात आख्यान लावायचं आणि शेवटी आरतीचं तबक फिरवायचं, म्हणजे किंमत सांगायची. जानेवारी 2007 मध्ये स्टीव्ह जॉब्जने पहिला आयफोन दाखवला, ते या परंपरेतलं सर्वात रंगलेलं कीर्तन. त्यात आख्यानाला खरोखर नायक होता. बोटाने सरकणारा पडदा लोकांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशीपासून हातातला बटणांचा फोन त्यांना म्हातारा दिसू लागला. आता कीर्तन तितकंच घोटीव होतं, पण नायक दरवर्षी तोच, फक्त त्याचा फेटा बदललेला.

आपल्याकडे सरकारी मराठीत इनोव्हेशनला 'नवोन्मेष' म्हणतात. शब्द फाईलीतला वाटतो, पण आला आहे संस्कृत काव्यशास्त्रातून. भट्टतौताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या व्याख्येनुसार, जिला सतत नवे उन्मेष फुटत राहतात अशी बुद्धी म्हणजे प्रतिभा. उन्मेष म्हणजे उमलणं, आणि त्याचा अगदी साधा अर्थ, डोळे उघडणं. मिटणं तो निमेष, उघडणं तो उन्मेष. म्हणून नव्या वस्तूबद्दल मला पहिला प्रश्न हा पडतो, की तिने कुणाचे डोळे उघडले? काल जे दिसत नव्हतं, करता येत नव्हतं, ते आज कुणाला जमू लागलं?

या प्रश्नाला सर्वात महाग उदाहरण भिडवून पाहू. ॲपलचं व्हिजन प्रो. जून 2023 मध्ये जाहीर झालं, फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. किंमत 3,499 डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण 2 लाख 90 हजार रुपये. वजन 600 ग्रॅमच्या वर, बॅटरी वायरने जोडून खिशात ठेवायची आणि ती चालते दोनेक तास. अमेरिकेतून आलेल्या एका मित्राकडे मी ते दहा मिनिटं लावून पाहिलं आहे. खोटं कशाला बोलू, एक फुलपाखरू उडत येऊन माझ्या बोटावर बसलं तेव्हा मी बोट हलवलं नाही. समोरच्या भिंतीत दार उघडलं, त्यातून डायनोसॉर डोकावला आणि मी खुर्चीसकट मागे सरकले. नुसती नजर टाकून बटण निवडायचं आणि दोन बोटं चिमटीसारखी जुळवून दाबायचं, हे तर दोन मिनिटांत सवयीचं झालं. अभियांत्रिकी म्हणून हे थोर काम आहे, त्याला उणं म्हणण्याची माझी लायकी नाही.

पण मग मी ते काढलं आणि मित्राच्या डोळ्यांवर चढलेलं पाहिलं. या यंत्राच्या बाहेरच्या बाजूलाही एक पडदा आहे. आत डोळे झाकलेल्या माणसाच्या डोळ्यांचं चित्र तो बाहेर दाखवतो, म्हणजे समोरच्याला परकं वाटू नये. डोळे झाकायचे आणि मग झाकलेल्या डोळ्यांचं चित्र वर चिकटवायचं! उन्मेष या शब्दाची इतकी महाग थट्टा मी दुसरी पाहिलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, नवी वस्तू सुरुवातीला महागच असते. बरोबर. हा या वादातला सर्वात भक्कम मुद्दा आहे आणि तो नीट ऐकला पाहिजे. मोटोरोलाचा पहिला बाजारू मोबाइल, डायनाटॅक, 1980च्या दशकात 3,995 डॉलरला विकायला आला. आजच्या पैशात त्यापुढे व्हिजन प्रो स्वस्त वाटेल. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला 31 जुलै 1995 रोजी. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा बोलणाऱ्यालाही पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही. 'श्रीमंतांचं खेळणं' अशी त्याची संभावना करणारे लोक तेव्हाही होते आणि ते साफ चुकले. मग मी आज तीच चूक करत नाही कशावरून?

माझं उत्तर असं, की सुरुवातीची किंमत हा गुन्हा नाहीच. पाहायचं ते किंमत कुठल्या दिशेला चालली आहे हे. मोबाइलची किंमत कोसळत गेली. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि फोन रिक्षावाल्याच्या, प्लंबरच्या, धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या हाती गेला. खुद्द पहिला आयफोनही याच वाटेने निघाला होता. जून 2007 मध्ये विक्रीला आलेलं 599 डॉलरचं मॉडेल सप्टेंबरात 399 वर आलं. आधी घेणारे इतके चिडले, की जॉब्जला त्यांना 100 डॉलरची भरपाई जाहीर करावी लागली.

आता उलटी वाट पाहा. 2017 मध्ये आयफोन टेन भारतात 89,000 रुपयांना आला तेव्हा आपण डोळे पांढरे केले होते. 2024 चा सर्वात मोठा आयफोन 1,44,900 पासून सुरू झाला. सॅमसंगचा घडीचा फोन 2019 मध्ये 1,64,999 ला आला. 2025 मध्ये त्याची सातवी पिढी आली, 1,74,999 ला. घडी पातळ झाली, मजबूत झाली, सुरकुती फिकी झाली, हे सगळं खरं. महागाई धरली तर वाढ दिसते तेवढी नाही, हेही खरं. पण सहा वर्षांत ती सामान्य माणसाच्या दिशेने एक पाऊलही चाललेली नाही. व्हिजन प्रोचंही तेच. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यात नवी चिप आली, किंमत तीच 3,499.

जोसेफ शुम्पीटर नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1942 च्या आपल्या पुस्तकात याचं एक छान उदाहरण दिलं आहे. त्याचा आशय असा, की पहिल्या एलिझाबेथ राणीकडे रेशमी मोजे होतेच. राणीला आणखी चार जोड मिळाले यात भांडवलशाहीचं कर्तृत्व नाही, ते गिरणीतल्या पोरींच्या पायांत आले यात आहे. शुम्पीटर हा काही डावा नव्हता. नफ्यावर आणि उद्योजकावर त्याचा विश्वास होता. म्हणून तर हा मुद्दा महत्त्वाचा. आजच्या कंपन्या आपल्यालाच राणी म्हणवून दरवर्षी नवे मोजे विकतात आणि त्याला क्रांती म्हणतात. हप्त्यांची सोय असल्यामुळे आपल्यालाही राणी झाल्यासारखं वाटतं. मी स्वतः चोवीस महिन्यांची राणी आहे.

पण इथे थांबले तर लेख सोपा होईल. कारण स्वस्त म्हणजे नवं, असंही नसतं. एक लाखाची गाडी म्हणून नॅनो 2008 मध्ये जगाला दाखवली. पावसात एकाच स्कूटरवर चौघांचं कुटुंब, ही रतन टाटांची प्रेरणा खरी होती, अभियांत्रिकी हुशारीची होती. तरी 2018 मध्ये गाडीचं उत्पादन थांबलं. त्याला कारणं अनेक, पण एक कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 'सर्वात स्वस्त' हे बिरुद दारात उभं करायला कुणाला नको होतं. गरीब ग्राहकालाही अभिमान असतो, हे किमतीच्या गणितात बसलं नाही.

मग नवेपण असतं कुठे? माझ्या मते ते वस्तूत अर्धंच असतं. उरलेलं अर्धं वापरणारे पुरं करतात. मिस्ड कॉल कुठल्या कंपनीने शोधला? 'पोचलो' साठी एक रिंग, 'खाली ये' साठी दोन, ही भाषा आपण घडवली, पैसे वाचवायला. 2016 मध्ये यूपीआय आलं, त्याला ना टायटॅनियमची चौकट होती ना पाचपट झूम. आज मंडईत भाजीवालीच्या गाड्यावरचा छोटा डबा जेव्हा "चाळीस रुपये प्राप्त झाले" म्हणतो, तेव्हा पैसे आठ हजारांच्या फोनवरून आले की दीड लाखाच्या, हे त्याला कळत नाही. माझ्या फोनचा सगळा दिमाख त्या डब्यापाशी संपतो. गेल्या दहा वर्षांत माझ्या रोजच्या जगण्यात बसलेला सर्वात मोठा बदल कुठला, असं विचारलंत तर मी त्या डब्याकडे बोट दाखवीन.

महागड्या वस्तूच्या पोटातूनही कधीकधी खरं काही निघतं, हेही सांगायला हवं. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो 2 मधल्या एका सॉफ्टवेअरला श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांसाठी. पंचवीस हजारांच्या आसपासची ही इअरबड्स गाण्यांसाठी महाग, पण श्रवणयंत्र म्हणून चक्क स्वस्त! भारतात मात्र ती सोय सुरुवातीला बंद होती. तर बंगळुरूच्या काही तरुणांनी, आपल्या आज्यांसाठी, जाळी, ॲल्युमिनियमची फॉइल आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह वापरून एक पिंजरा केला आणि आपण कॅलिफोर्नियात आहोत असं त्या यंत्राला भासवून ती सोय सुरू करून घेतली. मला विचाराल तर त्या वर्षीचा नवोन्मेष तिथे, त्या मायक्रोवेव्हपाशी झाला.

ही बातमी वाचून मी उडालेच. आईचा प्रश्न सुटला असं वाटलं. यंदा उन्हाळ्यात तिला पुण्याला आणून तपासणी केली. तपासणाऱ्या बाईंनी आलेख समोर ठेवला आणि सांगितलं, उतार मध्यमच्या पुढे गेलाय, गाण्याच्या इअरबड्सनी भागणार नाही, रीतसर श्रवणयंत्र हवं. दोन्ही कानांचं मिळून ऐंशी हजार. आई लगेच म्हणाली, "नको गं, एवढ्यासाठी कशाला?" दीड लाखाचा फोन माझ्या पर्समध्ये होता. त्याचा पाचपट झूम मी वर्षभरात दोन लग्नांत आणि एकदा चंद्रावर वापरला होता.

मी कंपन्यांना दोष देत बसले होते, पण हा हिशोब माझा होता. नव्याची व्याख्या मी त्यांच्या कीर्तनातून उचलली होती. यंदा काय आलं हे मला पाठ होतं. घरात काय अडलंय, हे माहीत असून मी 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत होते. डिजिटल श्रवणयंत्र ही कित्येक वर्षं जुनी गोष्ट आहे. त्याच्यासाठी कुणी रात्री साडेदहाला चहा घेऊन बसत नाही.

आम्ही दोन्ही कानांची घेतली, पुन्हा हप्त्यांवर. पहिला आठवडा आई वैतागली होती. पंख्याचा आवाज येतो, स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, अशा तक्रारी चालू होत्या. दोनदा जाऊन आवाज जुळवून आणला. महिन्याभराने फोनवर मी तिला तिचाच प्रश्न परत केला. म्हटलं, "आई, यात नवं काय आहे?"

मला ओरडावं लागलं नाही. ती म्हणाली, "काही नाही गं. बाहेर बसून कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात."

माझ्या फोनचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत.