दोघांत तिसरा

मधल्याचं या जगात काही खरं नसतं. थोरल्याला मान, धाकट्याला लाड आणि मधल्याला थोरल्याचे आखूड झालेले सदरे, ही वाटणी कुठल्याही वकिलाशिवाय घरोघर बिनबोभाट होते. एसटीत तिघांच्या बाकावर मधल्याला ना खिडकी, ना पाय सोडायला वाट. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचं तर विचारूच नका. संसार नीट झाला तर तो नवराबायकोच्या गुणांमुळे, आणि बिघडला तर याच्यामुळे. बँकेत साहेब आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये काउंटरवर बसून मी वीस वर्षं काढली. तेव्हा होम थिएटरमधल्या मधल्या स्पीकरविषयी, जाणकार ज्याला सेंटर स्पीकर म्हणतात त्याच्याविषयी, चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजतो.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. होम थिएटर म्हणजे बसायच्या खोलीत पाच स्पीकर आणि एक घुमणारा डबा मांडून स्वतःला थिएटरात आणि शेजाऱ्याला घराबाहेर घालवायची युक्ती. याला 5.1 म्हणतात. पुढं डावीउजवीकडं दोन, मागं दोन, टीव्हीखाली मधला एक, आणि 'पॉइंट एक' म्हणजे तो डबा. 'पॉइंट एक' म्हटल्यावर बँकवाल्याला वाटतं, दहा पैसे असतील. प्रत्यक्षात सगळ्यांत मोठं धूड तेच. एका दुकानदारानं मला सात स्पीकरचा संच दाखवून 'तुमच्या नेसरीला सातच शोभतात' असं सांगितलं. मी त्याला तिथंच थांबवलं. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार आमच्या खिंडीत पडले. नेसरीकराला सात या आकड्यावर माल खपवायचा नसतो.

तर या पाचांत कामाची वाटणी अशी: गाणं-बजावणं डावीउजवीकडं, पाऊस, पाखरं आणि गोळीबार मागच्यांकडं, आणि माणसाचं बोलणं जवळजवळ सगळं मधल्याकडं. म्हणजे शालू नेसून मिरवायचं थोरल्या जावांनी आणि चूल फुंकायची मधलीनं.

आम्हां कॉमर्सवाल्यांना हा मधला मुळातच पचत नाही. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या ख्रिस्ती साधूनं दुहेरी नोंदीची पद्धत पुस्तकात छापली, तेव्हापासून खात्याला दोनच बाजू. डावीकडं नावे, उजवीकडं जमा. स्टिरिओ म्हणजे तरी दुसरं काय? डावी आणि उजवी जुळली की जिवाला बरं वाटतं. जुळली नाही तर फरकाची रक्कम ज्यात तात्पुरती ढकलतात त्याला सस्पेन्स खातं म्हणतात. मधला स्पीकर हे मला आवाजाचं सस्पेन्स खातं वाटतं.

पण इतिहास बघितला तर मधला हा उपरा नाही, मूळ मालक आहे. 1931 साली 'आलम आरा' बोलला, 1932 साली आमच्या कोल्हापुरात प्रभात कंपनीनं 'अयोध्येचा राजा' बोलता केला. त्या काळी फिल्मच्या कडेला आवाजाची एकच पट्टी. राजा डावीकडं असो, राणी उजवीकडं असो, सगळे पडद्यामागच्या एकाच जागेवरून बोलायचे. याचाच राग येऊन अ‍ॅलन ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1931 च्या डिसेंबरात दोन बाजूंच्या आवाजाचं पेटंट मागितलं. पुढं 27 एप्रिल 1933 ला अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन स्पीकरवरून: डावा, मधला, उजवा. एवढ्या रुंद रंगमंचाला दोनच ठेवले तर मध्ये खड्डा पडतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मग मधला गेला कुठं? तो गेला रेकॉर्डच्या खाचेत. खाचेला भिंती दोनच, म्हणून 1958 च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या त्या दोनच आवाज घेऊन, आणि मधल्याचं नाव सातबारावरून कमी झालं. 1987 साली डॉल्बी प्रो लॉजिक आलं आणि मधल्याला घराघरांत, कुळकायद्यानं मिळावी तशी, आपली जागा परत मिळाली.

आता आमच्या घरचा खटला. आबा शाळामास्तर. त्यांनी 1984 साली कोल्हापुरातून स्पीकरची जोडी आणली. कलकत्त्याचं सोनोडाइन, मुंबईचं कॉस्मिक ही नावं तेव्हा शौकिनांच्या तोंडी असत आणि मास्तरांच्या पगाराबाहेर असत. तरी आबांनी आणली. कमरेइतके सागवानी पेटारे, पुढं तपकिरी कापड, आत आठ इंची कागदी शंकू, वर बारीक आवाजासाठी कागदाचाच छोटा ट्विटर. एसटीच्या टपावर गादीत गुंडाळून आलेली ही जोडी चाळीस वर्षं झाली तरी बोलते आहे. आवाज ऊबदार, जरा घशातला. पान लावून बसलेला माणूस बोलावा तसा.

या जोडीला माझ्या मेहुण्यानं पुण्याहून मधला आणला. आडवा, काळा, चकचकीत. दोन्ही कडांना चार-चार इंचाचे दोन शंकू आणि मध्ये धातूच्या घुमटीचा ट्विटर. खोक्यावर लिहिलं होतं की संवाद स्फटिकासारखे स्वच्छ ऐकू येतील. पूर्वी जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीजवळ साधा स्पीकर ठेवला की त्याच्या लोहचुंबकानं हिरॉईनचा गाल हिरवा व्हायचा. आताच्या सपाट टीव्हीला ती भीती नाही. म्हणून मधला टीव्हीच्या पायाशी थेट बसवला आणि आम्ही ऐकायला बसलो.

समीक्षकाच्या नात्यानं सांगतो, ऐकवेना. नायक डावीकडून बोलत आला तो गावचा पाटील. पडद्याच्या मध्यावर पोचला आणि एकदम कलेक्टर झाला. उजवीकडं गेला, परत पाटील. रिसीव्हरमध्ये एक तपासणीचा आवाज असतो, तो एकेका स्पीकरमधून नुसता 'सूऽऽ' करत फिरतो. तो लावला. डावीकडं पावसाची सर कौलावर पडली. मध्ये तीच सर पत्र्यावर पडली. उजवीकडं पुन्हा कौलावर.

मेहुणा म्हणाला, "आवाजाची पातळी जुळवून घ्या, दाजी." जुळवली. मधला तीन डेसिबल कमी पडत होता, तेवढा वाढवला. (तीन डेसिबल ऐकायला चिमूटभर वाटतं, पण त्यासाठी ताकद दुप्पट लागते.) आता पत्र्यावरचा आणि कौलावरचा पाऊस सारख्याच जोराचा झाला. पण पत्रा तो पत्राच. जोर वाढवता येतो, घराणं बदलता येत नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ कोल्हापुरात आणि किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत, मध्ये अंतर पन्नासएक किलोमीटर. दोघंही आभाळाएवढे. म्हणून कोणी एकाच ख्यालातली एक ओळ इकडं आणि एक ओळ तिकडं गायला सांगितली नाही. 'सैराट'च्या शेवटी आवाज पूर्ण थांबतो ना, तेवढ्या एका जागी आमचे तिन्ही स्पीकर तंतोतंत जुळले.

आणखी एक दोष आडवेपणाचा. दोन शंकू शेजारी-शेजारी बसवले की समोरच्या माणसाला दोघांचा आवाज बरोबर पोचतो. बाजूला बसलेल्याला एकाचा आधी, दुसऱ्याचा नंतर, आणि त्या ओढाताणीत काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे मधल्याची खरी गरज बाजूला बसणाऱ्यांना, आणि हा नेमका त्यांच्याशीच तोडून वागतो. कारण मधोमध बसणाऱ्याला मधला लागतच नाही. एकाच घडणीचे दोन चांगले स्पीकर सारखे बोलले तर त्यांच्या मध्ये, जिथं काहीही नाही तिथं, आवाज आपोआप उभा राहतो. बिनपगारी, बिनपेन्शनचा मधला. फक्त तो मध्यावरच्या एकाच खुर्चीला दिसतो. जरा सरकलात की जवळच्या पेटाऱ्यात जाऊन बसतो. आमच्याकडं ती खुर्ची आबांची.

जुन्या मराठी सिनेमाची तर आणखी गंमत. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' 1965 चा, एकाच पट्टीच्या आवाजाचा. तो प्रो लॉजिकवर लावला की यंत्र म्हणतं, दोन्ही बाजू सारख्या आहेत, तेव्हा हा माल मधल्याचा. आणि सगळाच्या सगळा सिनेमा, आनंदघनांच्या संगीतासकट, त्या काळ्या डबीतून बाहेर पडतो. दोन्ही सागवानी पेटारे गप्प. घरचं कार्य आणि घरचेच वडीलधारे मांडवाबाहेर.

आमच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दोन कागदी असताना तिसरा धातूचा कशाला आणालासा? त्याच जातीचा तिसरा हुडका, आणि उभाच ठेवा." शास्त्रही हेच सांगतं: उत्तम मधला म्हणजे बाजूच्यांचाच तिसरा भाऊ. मिरजेत तानपुरे करणारे जोडीचे भोपळे निवडताना किती वेळ घालवतात! तिथल्या तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. पण जुना स्पीकर सुटा मिळणं म्हणजे बाजारात एकटा बैल मिळणं. जो कोणी एकच विकतो त्याचा दुसरा कैलासवासी झालेला असतो, आणि पहिल्याचंही वय झालेलं असतं. मिस्त्रींनी सहा महिन्यांनी असा एक विधुर मिळवला. त्याचा जोडीदार गणपतीत फाटला होता. टीव्ही हातभर वर सरकवावा लागला, त्यामुळे सौभाग्यवतींची मान आणि माझी मान निरनिराळ्या कारणांनी खाली-वर झाली. पण काय आवाज जमला! कौल, कौल, कौल. नायक खोलीभर फिरला तरी पाटीलच राहिला. मी मनातल्या मनात ताळेबंद जुळवून खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात आबा म्हणाले, "ब्येस हाय. खरं ते कोण काय बोलालंय ते कळंना बघ."

माणसाचे कान म्हातारे होतात ते वरच्या सुरांपासून. 'स', 'श', 'त', 'क' ही बारीक अक्षरं आधी जातात. घोगरे सूर राहतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. मेहुण्याच्या त्या पत्र्यानं नेमकी हीच अक्षरं कानाशी नेऊन ठेवली होती. ती डबी होती त्या सहा महिन्यांत आबा विनोदाला आमच्याबरोबर हसत होते. त्याआधी किती तरी वर्षं ते आमच्याकडं बघून, आम्ही हसल्यावर, मागाहून हसायचे. मिस्त्रींनी तिसऱ्या भावाचे वरचे सूर वाढवून बघितले, तर गाण्यात भजी तळल्याचा आवाज यायला लागला.

तेव्हा माझा निकाल असा. गाणं ऐकायचं असेल तर जोडी पुरे, तिसऱ्याची लुडबूड नको. घरभर माणसं जमून सिनेमा बघायचा असेल तर मधला पाहिजे, तो बाजूच्यांचा भाऊच पाहिजे आणि उभा पाहिजे. या मोजमापानं मेहुण्याची डबी साफ नापास आहे, आणि हे मत मी बदलायला तयार नाही. मात्र 'जुळणी' या शब्दापुढं सगळी पुस्तकं स्पीकरशी स्पीकर एवढंच धरून चालतात. खात्याची दुसरी बाजू ऐकणाऱ्याच्या कानात असते, तिची नोंद कोणी करत नाही.

विधुर भाऊ सध्या माळ्यावर आहे आणि नापास डबी टीव्हीखाली. सस्पेन्स खात्यातली रक्कम वर्षअखेरीला निकालात काढावी असा बँकेत दंडक आहे. ही रक्कम मात्र मी दर मार्चला पुढं ओढतो आहे, आणि अजून पुष्कळ मार्च ओढायची माझी तयारी आहे.