चित्रातला घोडा आणि बॉम्बवरचा पिवळा पट्टा

मंडळी, मार्कंडादेवाची शिल्पं इतकी जवळ असताना आम्ही प्लॅस्टिकच्या विमानावर बोलणार, म्हणून काहींना हसू येईल. येऊ द्या. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं अमेरिकन फँटम विमानाची १:७२ प्रमाणातली प्रतिकृती केली आहे. पंखांखाली 'मार्क ८२' जातीचे ५०० पौंडी बॉम्ब. खरा बॉम्ब सव्वादोन मीटरच्या आसपास, इथं तो तीन सेंटिमीटरचा. इंचभर उंचीचं अक्षर या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होतं. तेही त्यानं उमटवलं आहे. हात वाखाणण्यासारखा आहे, यात वाद नाही.

आमची तक्रार रंगाबद्दल आहे. काही बॉम्ब त्यानं ऑलिव्ह हिरवे करून नाकाजवळ पिवळा पट्टा दिला, काही पूर्ण निळे केले. का, असं विचारलं तर म्हणाला, "सर, रंगसंगती छान दिसते." इथंच गाडी अडली. अमेरिकन पद्धतीत पिवळा पट्टा म्हणजे आत उच्च स्फोटक आहे, निळा म्हणजे सरावाचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बवर लाल पट्टा असे. अर्थ, भरलेला आहे. म्हणजे पट्टा हे एक वाक्य आहे. ते शत्रूला कधीच वाचायचं नसतं. बॉम्ब उचलणाऱ्या, विमानाला लावणाऱ्या माणसाला वाचायचं असतं. आपल्या भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. दारूगोळ्यावरची खूण म्हणजे काय, हे तिथल्या कामगाराला आम्ही सांगायला नको.

कुणी म्हणेल, प्लॅस्टिक तर पोकळ, मग पिवळा पट्टा खोटाच झाला! याला शंकुकाचा चित्रतुरगन्याय उत्तर देतो. चित्रातला घोडा पाहताना होणारं ज्ञान खरं नाही, खोटं नाही, संशय नाही, नुसतं सादृश्यही नाही. तरी आपण 'हा घोडा' म्हणतोच. तसा हा पट्टाही खोटं बोलत नाही. पण घोडा पाच पायांचा काढला तर न्याय काय करणार?

कारगिलच्या युद्धातलं एक छायाचित्र आठवा. बॉम्बवर एका अभिनेत्रीच्या नावानं पाकिस्तानच्या पंतप्रधानांना 'निरोप' लिहिलेला. असला मजकूर रंगवायचा मोह होतो. रंगवावाही, तो इतिहास आहे. मात्र निरोप ठेवून पट्टा विसरलात, तर युद्धातली थट्टा उरली आणि आपल्याच माणसाची काळजी गेली.

ही काळजी आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागू नये. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक गेले. जमिनीखालच्या त्या सुरुंगानं कुणाला सांगितलं होतं, की मी भरलेला आहे?

म्हणून त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढंच म्हणालो: बाबा, सगळे पिवळ्या पट्ट्याचे कर, नाहीतर सगळे निळे कर. दोन्ही चालतील. पण तुझं विमान लढायला निघालंय की सरावाला, ते आधी ठरव, मग ब्रश उचल.