पर्यायी शब्द आणि नेमके क्रियापद : मिहानच्या भूसंपादनाच्या निमित्ताने इंग्रजी अध्यापनाची चिकित्सा

महाविद्यालयीन स्तरावरील इंग्रजीच्या अध्यापनात समानार्थी शब्दांची यादी हे एक ठरीव साधन होऊन बसले आहे. एका शब्दासमोर चार शब्द लिहिले जातात, विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षेत त्यांपैकी कोणताही एक लिहिला तरी गुण मिळतो. हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल ठेवता येतात, असे गृहीतक या पद्धतीमागे आहे. पीटर मार्क रॉजे याचा थिसॉरस १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक हजार कल्पनाशीर्षकांखाली शब्द एकत्र आणलेले होते. त्यांचे अर्थ मात्र दिलेले नव्हते. ज्याला अर्थ ठाऊक आहे अशा लेखकाला हवा तो शब्द सुचवणे, एवढेच त्या ग्रंथाचे काम होते. अर्थ ठाऊक नसलेल्याच्या हाती तो देणे म्हणजे रोग्यापुढे औषधांचे कपाट उघडे टाकणे होय. रॉजे स्वतः वैद्यकाचा पदवीधर होता, हे येथे जाता जाता नमूद करावे.

ही पद्धत कोठे तोकडी पडते, हे भूसंपादनाच्या भाषेत स्पष्ट दिसते. नागपूरच्या वर्धा मार्गावरील मिहान प्रकल्प २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही नावे या प्रकल्पाशी कायमची जोडली गेली आहेत. या परिसरात शेतकरी बोलताना 'जमीन मिहानात गेली' असे म्हणतो. कार्यालयीन मराठीत तीच जमीन 'संपादित' होते. इंग्रजीत तिच्यासाठी 'ॲक्वायर' हे क्रियापद येते. 'गेली' या क्रियापदात गमावणारा दिसतो, पण नेणारा दिसत नाही. 'संपादन' आणि 'ॲक्वायर' या दोहोंत मिळवणारा दिसतो, गमावणारा दिसत नाही. यश संपादन करतात, ज्ञान संपादन करतात, तशीच जमीनही. या क्रियापदाला प्रतिष्ठेचा जो वास आहे तो इंग्रजीतही आहे आणि मराठीतही आहे.

या एकाच कृतीसाठी इंग्रजी भाषकांनी देशपरत्वे वेगवेगळी क्रियापदे निवडली आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पाचव्या दुरुस्तीमुळे तेथे 'टेक' हे क्रियापद रूढ झाले. वकील मंडळी अशा प्रकरणांना 'टेकिंग्ज' म्हणतात. ब्रिटनमध्ये 'कंपल्सरी पर्चेस', म्हणजे सक्तीची खरेदी, असा शब्दप्रयोग आहे. भारतात १८९४ च्या कायद्याच्या आधीपासून 'ॲक्विझिशन' चालत आले. पहिल्या क्रियापदात हिसका आहे. दुसऱ्यात पैसा आणि सक्ती दोन्ही उघड आहेत. तिसऱ्यात दोन्ही झाकलेले आहेत. शब्दकोश या तिघांना शेजारी बसवतो; त्यांच्यातील निवड ही केवळ शैलीची बाब नाही, हे तो सांगत नाही.

नागपुरात आणखी एक अडचण संभवते, आणि ती हिंदीच्या शेजारातून येते. हिंदी वृत्तपत्रे 'भूमि अधिग्रहण' लिहितात, तेव्हा त्यांना 'ॲक्विझिशन' अभिप्रेत असते. मराठी प्रशासनात 'अधिग्रहण' म्हणजे 'रिक्विझिशन'. टंचाईच्या काळात तहसीलदार खासगी विहीर अधिग्रहित करतात, निवडणुकीसाठी वाहने अधिग्रहित होतात. विहीर मालकाचीच राहते, वाहन परत मिळते. संपादनात मालकीच जाते. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील ४२ व्या नोंदीत ही दोन्ही नामे स्वतंत्रपणे आलेली आहेत, ती पुनरुक्ती म्हणून नव्हे. दोन्ही भाषांतील बातम्या वाचणारा विद्यार्थी 'अधिग्रहण' या एका शब्दावरून इंग्रजीकडे वळला, की त्याच्या वाक्यात कायमची गेलेली जमीन परत येण्याजोगी होते.

२०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात 'अफेक्टेड फॅमिली' आणि 'डिस्प्लेस्ड फॅमिली' यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. दुसरी संज्ञा ज्या कुटुंबाला संपादनामुळे स्थलांतर करावे लागते त्याच्यापुरती आहे. पहिलीत जमीनमालकांखेरीज, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राबणारी आणि उपजीविकेसाठी मुख्यतः त्यावरच अवलंबून असलेली शेतमजुरांची व कुळांची कुटुंबेही बसतात. घर जागेवरच असलेल्या, परंतु रोजगार बुडालेल्या मजुराने इंग्रजी अर्जात स्वतःला 'डिस्प्लेस्ड' म्हटले, तर त्याने जी संज्ञा आपली होती ती सोडून आपली नसलेली धरली, असे होते. मराठीत 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द दोघांवर सरसकट पांघरूण घालतो. तो चळवळीच्या कामाचा आहे, अर्जाच्या नाही.

सर्वांत बोधक उदाहरण मोबदल्याच्या क्रियापदाचे आहे. १८९४ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमात तीन क्रियापदे पाठोपाठ येतात : 'टेंडर', 'पे' आणि 'डिपॉझिट'. रक्कम देऊ करावी, अडथळा नसल्यास चुकती करावी, आणि घेणाऱ्याने नाकारल्यास किंवा हक्काचा वाद असल्यास न्यायालयात जमा करावी, असा तो क्रम आहे. २०१३ च्या कायद्याच्या २४ व्या कलमातील दुसऱ्या पोटकलमाच्या मुख्य भागात मात्र 'पेड' एवढाच शब्द आला. निवाड्याला पाच किंवा अधिक वर्षे उलटूनही प्रत्यक्ष ताबा घेतलेला नसेल अथवा मोबदला 'पेड' नसेल, तर जुनी कार्यवाही व्यपगत समजावी, अशी ती तरतूद. पुणे महानगरपालिकेच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासकीय कोषागारात भरलेली रक्कम 'पेड' ठरत नाही असा निर्णय दिला. २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय रद्दबातल केला. न्यायालयात जमा करणे म्हणजे 'पे' करणे नव्हे. तथापि रक्कम 'टेंडर' केली की देण्याचे बंधन पुरे होते, असे या पीठाने मानले. याच निर्णयात 'ऑर' हे उभयान्वयी अव्यय 'नॉर' किंवा 'अँड' असे वाचावे, असेही ठरले. त्यामुळे दोहोंपैकी एक गोष्ट झाली नसल्यास संपादन रद्द होते, हा अर्थ मागे पडून, दोन्ही झाल्या नसतील तरच ते रद्द होते, हा अर्थ पुढे आला. सहा वर्षे देशभरातील जमीनमालकांचे दावे एका क्रियापदावर आणि एका अव्ययावर लोंबकळत होते.

येथे मराठीला दोष देण्याचे कारण नाही. देऊ करणे, चुकते करणे, जमा करणे ही तीन क्रियापदे मराठीत सुस्पष्ट आहेत आणि सावकारी व्यवहार ज्याने पाहिला आहे त्या घराला ती शिकवावी लागत नाहीत. 'पैसे देऊ केले' आणि 'पैसे दिले' यांत गल्लत खेड्यातील अशिक्षित माणूसही करणार नाही. गल्लत होते ती वर्गात, जेथे 'गिव्ह' या शब्दासमोर 'पे', 'ऑफर', 'टेंडर' आणि 'सबमिट' एका ओळीत मांडले जातात. इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवण्याच्या आग्रहात विद्यार्थ्याजवळ आधीच असलेला हा विवेक वाया जातो. यादीऐवजी एखादी भूसंपादनाची अधिसूचना वर्गात वाचावी, तिच्यातील प्रत्येक क्रियापदाला घरातले मराठी क्रियापद जोडून पाहावे आणि कर्ता कोण, गमावणारा कोण, हे विचारावे. 'जमीन गेली' या वाक्याचे इंग्रजी करताना मग विद्यार्थ्याला आधी ती कोणी नेली, हे ठरवावे लागेल.