शिदोरीची कथा आणि शेतीची कथा

अवकाशयानातील चमू किंवा परग्रहावरची वसाहत हा विषय असलेली विज्ञानकथा वर्गात वाचून दाखवली, की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, असे खरेच होऊ शकते का?’ शिक्षकही मग यानाचा वेग प्रकाशाच्या वेगाहून जास्त दाखवला आहे का, गुरुत्वाकर्षण कुठून आणले, अशा गोष्टी तपासू लागतात. ही तपासणी आवश्यक आहेच. पण माझ्या मते अशा कथेची खरी परीक्षा इंजिनाच्या खोलीत होत नाही, ती पाण्याच्या टाकीपाशी होते. या लोकांना पाणी, हवा आणि अन्न कुठून मिळते, वापरलेले कुठे जाते, आणि कमी पडले तर कोणाचे आधी बंद होते? जालना जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. टँकरची वाट पाहण्यात ज्याची एखादी उन्हाळ्याची सुट्टी गेली आहे, त्याला बंदिस्त वसाहतीचे अर्धे शास्त्र आधीच ठाऊक असते.

मराठीत हा विषय आला तो ज्यूल व्हर्नच्या बोटाला धरून. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून त्याच्या चांद्रप्रवासाच्या कथेचे ‘चंद्रलोकची सफर’ हे मराठी रूप क्रमशः प्रसिद्ध झाले. आपल्या विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण तेथूनच सुरुवात करतात. व्हर्नच्या मूळ कादंबरीतील (१८६५) तोफेची सर्वांनी थट्टा केली, आणि ती रास्तच आहे. त्या तोफेतून सुटताना बसणाऱ्या धक्क्याने आतल्या तिघांचा चेंदामेंदा झाला असता. परंतु याच कादंबरीतील एका तपशिलाकडे सहसा कोणी पाहत नाही. गोळ्यातील हवा शुद्ध राहावी म्हणून व्हर्नने पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळवला आणि कार्बन डायॉक्साइड शोषण्यासाठी कॉस्टिक पोटॅश ठेवले. म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत मँगनीज डायॉक्साइड मिसळून आपण जो ऑक्सिजन तयार करतो, तोच!

येथे फळ्यावर एक गणित मांडता येईल. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २४५ ग्रॅम पोटॅशियम क्लोरेटपासून ९६ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. म्हणजे माणशी दररोज सुमारे २ किलो १४० ग्रॅम क्लोरेट हवे. चंद्रापर्यंतच्या चार दिवसांच्या प्रवासाला तिघांसाठी २६ किलो पुरेल. पण तेच तिघे वर्षभर राहिले, तर २,३०० किलोंहून अधिक लागेल. व्हर्नची युक्ती प्रवासाला उत्तम आहे, वस्तीला निरुपयोगी आहे.

अवकाशकथांचे दोन प्रकार पडतात ते येथे. एक शिदोरीची कथा आणि दुसरी शेतीची कथा. पहिलीत माणसे घरून बांधून आणलेले खातात, पराक्रम करतात आणि परत येतात. दुसरीत परत यायचे नसते, म्हणून पेरावे लागते, आणि पेरायचे म्हटले की माती, खत, पाणी आणि भांडण हे सर्व आलेच. आपल्या मराठी विज्ञानकथेने पहिला प्रकार मनापासून हाताळला. दुसऱ्याच्या वाटेला ती फारशी गेली नाही.

जयंत नारळीकरांचे उदाहरण घ्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. परीक्षकांनी ओळखू नये म्हणून हस्ताक्षरही पत्नीचे होते. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मराठी विज्ञानकथेला त्यानंतर जी प्रतिष्ठा आली, तिचे मोठे श्रेय या कथेला आणि १९७९ च्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहाला जाते. तीव्र गुरुत्वाकर्षणाजवळ काळ संथ चालतो, ही कल्पना इतक्या सोप्या मराठीत त्याआधी क्वचितच कोणी सांगितली असेल. पण या कथेत यान हे वाहन आहे, घर नाही. ते नायकाला कल्पनेपर्यंत पोहोचवते आणि तेथे त्याचे काम संपते. नारळीकरांच्या कथेत खरी नायिका कल्पनाच असते. त्या नायिकेपुढे यानावर कोण काय खात होते हे विचारणे असभ्यपणाचे वाटावे, इतकी ती देखणी असते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या मागे हा प्रश्न विचारणे हा त्यांच्या कथांचा अधिक्षेप नव्हे. त्यांनी वाट रुळवून दिली म्हणूनच पुढच्या वळणाची चर्चा करता येते.

आता इंग्रजीकडे वळू. तेथेही सर्व आलबेल आहे असे समजू नये. टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ (१९५४) ही कथा या प्रकारातील अत्यंत गाजलेली कथा. एका दूरच्या ग्रहावर सहा माणसे तापाने मरायला टेकली आहेत. त्यांच्यासाठी लस घेऊन एक लहान यान निघते. त्यात भावाला भेटण्याच्या ओढीने एक मुलगी लपून बसलेली सापडते. इंधन मोजके आहे, तिच्या वजनाने यान कोसळेल, सहा जण मरतील. वैमानिकाला तिला यानाबाहेर सोडावे लागते. निसर्गनियमांना दयामाया नसते, असा या कथेचा सूर आहे. लेखक त्या मुलीला वाचवण्याच्या युक्त्या काढत होता आणि संपादक जॉन कॅम्बेल कथा पुनःपुन्हा परत पाठवत होते, हेही प्रसिद्ध आहे.

ही कथा वाचून वर्ग सुन्न होतो. तसा तो होऊ द्यावा, आणि मग विचारावे : यानाच्या दाराला कुलूप का नव्हते? निघण्यापूर्वी वजन का केले नाही? जीव वाचवायला निघालेल्या यानात चार किलो जादा इंधनही ठेवायचे नाही, हा नियम भौतिकशास्त्राचा की कोणा कार्यालयाचा? समीकरण बरोबर आहे, पण समीकरणात कोणते आकडे घालायचे हे माणसांनी ठरवले होते. कथेने तो ठराव निसर्गाच्या माथी मारला. माझ्या दृष्टीने ही कथेची मोठी लबाडी आहे, आणि तिच्यामुळेच ती वर्गात वाचण्याजोगी आहे. आपल्याकडे २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी उभी झाडे तोडली. पाऊस कमी झाला हे खरेच होते. पण ज्या जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे कोणती पिके किती घ्यायची, बोअर किती खोल न्यायचे आणि टँकर आधी कोणत्या गल्लीत जायचा, हे काही ढगांनी ठरवले नव्हते. ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द निबंधात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गॉडविनची कथा जरूर द्यावी.

याच्या अगदी उलट बाजूला रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ (१९६६) ही कादंबरी आहे. चंद्रावरच्या बोगद्यांमध्ये राहणारे लोक खोदून काढलेल्या बर्फाच्या पाण्यावर गहू पिकवतात आणि तो पृथ्वीवर, मुख्यतः भुकेल्या भारताकडे, फेकयंत्राने पाठवतात. १९६६ साली आपण अमेरिकेच्या गव्हावर होतो हे लक्षात घेतले, म्हणजे ही कल्पना कुठून आली ते कळते. चंद्रवासीयांचा संगणक हिशेब करून सांगतो की असेच चालले तर सात वर्षांत अन्नासाठी दंगली होतील. कारण गव्हाबरोबर चंद्रावरचे पाणी जाते आणि ते परत येत नाही. त्यांचा प्राध्यापक पृथ्वीकडे मागणी करतो, ती पैशांची नाही : जितके टन धान्य न्याल, तितके टन परत पाठवा.

येथे तुलना जपून करावी. गव्हाच्या दाण्यात पाणी थोडे असते. पिष्टमय पदार्थातला हायड्रोजन मुळात पाण्यातून आलेला असतो हे धरले, तरी तो हिशेब पिकाला पाजलेल्या पाण्याच्या मानाने फारच लहान आहे. बंद बोगद्यात पानांतून उडालेली वाफ थंड करून परत मिळवता येते, आपल्या शिवारात ती वाऱ्यावर जाते. म्हणजे मोसंबीच्या ट्रकमधून जालन्याचे जे पाणी बाहेर जाते, त्याच्या कितीतरी पट पाणी झाडावरूनच निघून गेलेले असते. हाइनलाइनचा बोगदा त्या दृष्टीने आपल्या शेतापेक्षा काटकसरीचा आहे. तरीही ‘टनाला टन’ ही मागणी ज्या कादंबरीच्या राजकारणाचा कणा आहे, ती मी या प्रकारातील उत्तम कादंबऱ्यांत धरतो, तिच्यातील लांबलचक भाषणे सोसूनही.

वसाहतीचे बाहेरचे रूप शास्त्रज्ञांनी बरेच आधी रेखाटले होते. १९७५ मध्ये नासाच्या उन्हाळी अभ्यासगटाने दहा हजार लोकांसाठी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या फिरत्या कड्याचा आराखडा केला. ते कडे मिनिटाला एक फेरी घेईल. त्रिज्या ८९५ मीटर धरून केंद्रगामी त्वरण काढले की उत्तर सुमारे ९.८ येते. अकरावीच्या मुलांना हे करायला लावावे, त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. मात्र गुरुत्वाकर्षणाची सोय अशी चार ओळींत होते, जमिनीच्या तुकड्याची होत नाही. १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे ॲरिझोनात ‘बायोस्फिअर-२’ या काचेच्या बंद वास्तूत आठ जण राहिले. जागा सव्वा हेक्टरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान शेतकऱ्याच्या रानाएवढी. सोळा महिन्यांत हवेतील ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत उतरला आणि बाहेरून भरावा लागला. दोषी कोण? भरपूर सेंद्रिय खत घातलेली माती! तिच्यातील जिवाणू ऑक्सिजन घेऊन कार्बन डायॉक्साइड सोडत होते, आणि तो इमारतीचे काँक्रीट शोषून घेत होते. आठ माणसांत चार-चारांचे दोन गट पडले, हेही नोंदवलेले आहे. कोणत्या लेखकाला सुचली असती काँक्रीट खलनायक असलेली कथा?

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांना ती जवळजवळ सुचली. ‘ऑरोरा’ (२०१५) या त्यांच्या कादंबरीत सुमारे दोन हजार माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका यानात राहून टाउ सेटी या ताऱ्याकडे जात आहेत. यानाची मुख्य अभियंता डेव्ही ही बाई दिवसरात्र ताळेबंद जुळवण्यात गुंतलेली असते. फॉस्फरस कुठेतरी अडकून पडतो आणि पिकांना मिळत नाही, जिवाणू माणसांपेक्षा वेगाने बदलतात, गंज चढतो. सुपर फॉस्फेटच्या गोणीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या घरातल्या मुलाला हे संकट परग्रहवासीयांच्या हल्ल्याहून अधिक खरे वाटेल. गोष्ट सांगतो यानाचा संगणक, तोही डेव्हीच्या आग्रहाने गोष्ट सांगायला शिकत शिकत. या कादंबरीवर निराशावादाचा आरोप झाला. मला तो पटत नाही. हिशेब तपासणारा माणूस निराशावादी असतो, असे फक्त उधळ्या माणसाला वाटते.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यात यश आले. त्यात मूत्र, घाम, उच्छ्वासातील बाष्प सर्व आले. ही मोठी कामगिरी आहे. पण उरलेले दोन टक्के विसरू नयेत. दर फेरीला दोन टक्के गेले, तर चौतीस-पस्तीस फेऱ्यांत साठा निम्म्यावर येतो. किरणोत्सर्गाचा अर्धायुष्यकाल शिकवताना हे उदाहरण वापरून पाहावे. स्थानकाला पृथ्वीवरून पाणी येते, मंगळाच्या वाटेवरच्या यानाला येणार नाही. शुभांशु शुक्ला यांनी २०२५ च्या जून-जुलैमध्ये तेथे मूग आणि मेथीला मोड आणले, ही शिदोरीकडून शेतीकडे टाकलेली पावले आहेत, अगदी छोटी.

शेतीच्या कथेला लागणारा कच्चा माल आपल्याकडे आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामे केली, पाणी मोजायला सुरुवात केली आणि द्राक्षे उभी केली. प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे म्हणजे छोटी बंदिस्त टाकीच की! त्या शेततळ्यात सर्वांच्या भूजलातून उपसलेले पाणी एकट्याच्या मालकीचे होते का, हा वादही आपल्याकडेच आहे. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत पाणी सोडणारा पाटकरी असे. दार कधी उघडायचे आणि कधी मिटायचे ते त्याच्या हाती, आणि त्याच्यावर लक्ष गावाचे. इंग्रजी अवकाशकथेच्या चमूत कप्तान असतो, वैद्य असतो, यंत्रमानव असतो. पाटकरी मला अजून कुठे भेटलेला नाही. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्याने त्याला यानावर घ्यावे, पाणी एका माणसाच्या वाट्याइतके कमी करावे, आणि पुढच्या पाळीचे दार त्याच्या हाती द्यावे.