डॉ. जहांगीर खान राजारामपुरीत भेटत नाही

पहिल्यांदा थेरपीला गेलो तेव्हा गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. कोल्हापुरात कोण कधी "काय भावा, इकडं कुठं?" म्हणेल सांगता येत नाही, आणि जिन्याखालच्या पाटीवर 'मानसोपचार' हा शब्द चांगला ठळक होता. डोक्यात मात्र गौरी शिंदेचा 'डिअर जिंदगी' चालू होता. गोव्याचा समुद्र, आणि शाहरुखचा डॉ. जहांगीर खान आलियाच्या कायराला लाटांशी कबड्डी खेळायला लावतोय.

मला मिळाला एक फॉर्म. झोप किती, जेवण कसं, गोळ्या कुठल्या चालू, घरात आधी कुणाला असा त्रास? मग मॅडमनी भाजीचा भाव विचारावा तितक्या सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" मी "नाही" म्हटलं. ते खोटं होतं. पन्नास मिनिटं झाली, फी दिली, जिना उतरलो. रंकाळ्यावर जाऊन बसलो आणि ठरवलं, पुन्हा यायचं नाही.

'डिअर जिंदगी'वर माझा राग आहे तो इथं. थेरपी हा शब्द चारचौघांत उच्चारायचं धाडस त्या सिनेमानं दिलं, हे मान्य. पण त्यात डॉक्टरच बोलतो, आणि फार देखणं बोलतो. लहानपणी आईवडिलांनी आजीआजोबांकडे ठेवल्याचं दुःख एकदा रडून बाहेर पडलं की कायरा जवळपास मोकळी. पटकथेला ते सोयीचं आहे. मी मात्र तसल्या एका वाक्याची वाट बघत बसलो आणि विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं राहून गेलं. एक जागा मात्र सिनेमानं अचूक पकडली. शेवटी कायराला डॉक्टरला बाहेर भेटावंसं वाटतं, आणि तो नाही म्हणतो.

त्याच २०१६ सालचा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव' मी नंतर पाहिला. सुवर्णकमळ मिळालेला सिनेमा, निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. नैराश्यातून गेलेली जानकी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या एका मुलाला घरी आणते. त्याची उलटतपासणी घेत नाही. जेवू घालते, त्याचा संताप सोसते, थांबते. सिनेमा संथ आहे, मध्ये दोनदा मी फोन हातात घेतला. कासवाचं रूपकही जरा जास्तच समजावून सांगितलंय. आणि त्या घरात थेरपिस्टचा कारभार नाही, फॉर्म नाही, फी नाही. तरी माझ्या त्या खोलीतली शांतता मला कळली ती या सिनेमामुळे. मॅडम गप्प होत्या, कारण त्या माझी वाट बघत होत्या.

परत गेलो. "मागच्या वेळी खोटं बोललो," म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत." मग नीट समजावलं: इथलं बोलणं इथंच राहील, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो माझा हक्क आहे, पण जिवाला धोका दिसला तर घरच्या एकाला सांगावं लागेल, कुणाला ते आत्ताच ठरवू. गोळ्या त्या देणार नाहीत, ते काम मनोविकारतज्ज्ञाचं, हवं तर चिठ्ठी देतील. मी जरा धीर करून त्यांचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला. न चिडता दाखवला.

घरच्या एकाचं नाव म्हणून मी ताईचं दिलं. तिला अजून सांगितलेलं नाही. मॅडम दर गुरुवारी विचारतात.