जलद चाचणी नेमके काय सांगते?

प्रतिजैविके घेतल्यानंतर काही रुग्णांना तीव्र जुलाब सुरू होतात. औषधाने आतड्यातील नेहमीचे जिवाणू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूला रान मोकळे मिळते. त्याची ‘ए’ आणि ‘बी’ ही विषद्रव्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला इजा करतात. हा संबंध १९७८ साली स्पष्ट झाला.

निदानाची जुनी, भरवशाची पद्धत अशी : शौचाच्या नमुन्यातील गाळलेला द्रव प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकायचा. विषद्रव्य असेल तर पेशी गोल होतात आणि प्रतिविष मिसळल्यास तो परिणाम थांबतो. मात्र यास २४ ते ४८ तास लागतात. म्हणून जलद चाचण्या आल्या. त्यांची तुलना बहुधा वेळ आणि ‘अचूकता’ या दोन रकान्यांत केली जाते. आक्षेप आहे तो या तुलनेलाच, कारण या चाचण्या एकाच प्रश्नाची उत्तरे देत नाहीत.

पहिली चाचणी या जिवाणूचे ‘जीडीएच’ नावाचे विकर शोधते. तिच्यातून जिवाणू सहसा निसटत नाही. पण विष न बनवणाऱ्या निरुपद्रवी वाणातही हे विकर असतेच. दुसरी विषद्रव्याचे जनुक शोधते. ती अतिशय संवेदनशील आहे; पण पाककृतीची वही सापडली म्हणून चूल पेटली होती असे ठरत नाही. तिसरी प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रत्यक्ष विषद्रव्य पकडते. तिचा होकार बोलका असतो, पण विष थोडे असेल तर ती चुकते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात १,४१६ रुग्ण तपासले गेले. जनुक २९३ जणांत सापडले, विषद्रव्य मात्र त्यांपैकी १३१ जणांतच. उरलेल्या १६२ जणांपैकी बहुतेकांना या रोगावरचे पुरेसे उपचार मिळाले नव्हते. तरी त्यांचे आजारपण जिवाणू नसलेल्या रुग्णांसारखेच सरले. केवळ जनुकचाचणीवर विसंबलो असतो, तर या साऱ्यांना औषध दिले गेले असते. आणि ते औषध कोणते? पुन्हा प्रतिजैविकच!

जिवाणूची हजेरी म्हणजे रोग नव्हे, हे खरे तर जुनेच ज्ञान आहे. १९३५ साली या जिवाणूचे पहिले वर्णन झाले ते नवजात बालकांच्या शौचातून, आणि निरोगी बालकांतही तो आढळतो.

म्हणून २०१६ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी दोन टप्पे सुचवले : आधी निसटू न देणारी चाचणी, मग होकार आलेल्या नमुन्यांत विषद्रव्याचा शोध. जुलाब नसलेल्याचा नमुना तर तपासूच नये. दोन्ही टप्प्यांची उत्तरे जुळली नाहीत, तर निर्णय रुग्णाकडे पाहूनच घ्यावा लागतो. तेथे कोणतेही यंत्र डॉक्टरची जागा घेत नाही.

वर्गात निळा लिटमस तांबडा झाला, की द्रव आम्लधर्मी आहे एवढेच कळते. तो लिंबाचा रस की सौम्य गंधकाम्ल, हे कळत नाही. प्रयोगवहीत निष्कर्षाआधी एक ओळ विद्यार्थ्यांकडून जरूर लिहून घ्यावी : ‘ही चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?’